भागीदाराचे नाव फलकावर कशासाठी लागते?

शाश्वत अन्न, सेंद्रिय शेती, सजग जीवनशैली अशा नावांनी भरणारी प्रदर्शने आता पुण्या-मुंबईच्या हिवाळ्याचा भाग झाली आहेत. नाचणीची बिस्किटे, लाकडी घाण्याचे तेल, बांबूचे ब्रश, मातीची भांडी, कापडी पिशव्या हे सगळे तिथे एका छताखाली मिळते. या प्रदर्शनांच्या जाहिरातीत सगळ्यांत खाली बारीक अक्षरांची एक पट्टी असते. मुख्य प्रायोजक, सहयोगी भागीदार, ज्ञान भागीदार, माध्यम भागीदार. आपण ती सहसा वाचत नाही. माझे म्हणणे असे की आधी तीच वाचावी. प्रदर्शनात काय मांडले जाईल, कोणत्या प्रश्नावर चर्चा होईल आणि कोण दाराबाहेर राहील, हे बऱ्याच अंशी त्या पट्टीतच ठरलेले असते.

दुसरे म्हणणे आपल्याबद्दल आहे. त्या पट्टीत आपल्या मोहल्ल्यातले कुणी का दिसत नाही, हा प्रश्न मराठी मुसलमान तरुणांनी विचारायला हवा. आयोजकांना विचारायला हवा आणि स्वतःलाही.

पैसे देणारा काय विकत घेतो?

नोव्हेंबर २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेख इथे संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद भरली. तिच्या प्रायोजकांत कोका-कोला होती. 'ब्रेक फ्री फ्रॉम प्लास्टिक' या जागतिक मोहिमेचे स्वयंसेवक २०१८ पासून किनारे, नाले आणि रस्त्यांवरचा प्लास्टिक कचरा गोळा करून त्यावरची कंपन्यांची नावे मोजत होते. परिषदेपर्यंतच्या प्रत्येक वर्षी त्या यादीत पहिले नाव कोका-कोलाचेच होते. परिषदेचा ठराव कंपनीने लिहिला, असा आरोप करण्याची गरज नाही. मुद्दा साधा आहे. ज्याच्या पैशाने मंडप उभा राहिला, त्याच्या बाटलीबद्दल त्या मंडपात मोकळेपणाने बोलणे जड जाते. प्रायोजक जाहिरातीची जागा विकत घेतो, आणि तिच्यासोबत थोडा संकोचही विकत घेतो.

त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, संयुक्त राष्ट्रांची अन्न व्यवस्था शिखर परिषद झाली. जगाने काय पिकवावे आणि काय खावे, यावरची ही मोठी बैठक. पण २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जागतिक आर्थिक मंचाशी भागीदारीचा करार केलेला होता. परिषदेच्या विशेष दूत म्हणून ॲग्नेस कालिबाता यांची नेमणूक झाली तेव्हा त्या आफ्रिकेत संकरित बियाणे आणि रासायनिक खतांचा पुरस्कार करणाऱ्या 'आग्रा' या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. लहान शेतकरी, मच्छीमार, पशुपालक आणि आदिवासींच्या शेकडो संघटनांनी परिषदेवर बहिष्कार टाकला आणि जुलैमध्ये स्वतःची समांतर सभा भरवली. संयुक्त राष्ट्रांचेच अन्न हक्कविषयक विशेष प्रतिवेदक मायकल फाखरी यांनीही परिषदेच्या रचनेवर टीका केली. कंपन्या आल्या याचे त्यांना फारसे नवल नव्हते. विषयपत्रिका तयार झाल्यानंतर अन्न पिकवणाऱ्यांना बोलावणे आले, हे त्यांचे दुखणे होते.

याचा अर्थ पैसा नकोच, असा नाही. मैदानाचे भाडे, मांडव, वीज, पाणी, विमा, परवाने यांचा खर्च कुणीतरी उचललाच पाहिजे. प्रायोजक नसेल तर तो खर्च स्टॉलच्या भाड्यात जातो आणि पहिला बाहेर पडतो तो लहान उत्पादक. तीन दिवसांचे भाडे भरून वर बचत गटाच्या बाईने चटणी कितीला विकावी? म्हणून प्रायोजक हवा, पण प्रायोजक आणि भागीदार हे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळेच राहिले पाहिजेत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ओपन सोर्स प्रकल्पांत हा फरक बराच स्पष्ट असतो. पैसे देणाऱ्या कंपन्यांची यादी एका जागी असते आणि ज्यांनी खरोखर कोड लिहिला त्यांची यादी दुसऱ्या जागी. चांगल्या प्रकल्पात कंपनीने कितीही देणगी दिली तरी तिचा कोड तपासणीशिवाय आत जात नाही. अन्नाच्या प्रदर्शनात मात्र देणगीदारालाच भागीदार म्हणतात, आणि ज्याच्या श्रमावर प्रदर्शन उभे असते त्याला 'स्टॉलधारक' म्हणतात.

पस्तापूरच्या बैलगाड्या

दुसऱ्या तऱ्हेचे प्रदर्शन असू शकते का? सोलापूरहून हैदराबादला जाताना तेलंगणात शिरल्यावर जहीराबाद लागते. त्याच्या शेजारच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे काम आहे. तिथल्या गावांमधल्या बायकांच्या संघांनी, ज्यांत बहुसंख्य दलित शेतकरी स्त्रिया आहेत, ज्वारी, बाजरी, राळे, कोदरा अशी धान्ये आणि त्यांच्यासोबतच्या डाळी दशकानुदशके टिकवून ठेवल्या. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास त्या आपली जैवविविधता जत्रा काढतात. सजवलेल्या बैलगाड्यांत देशी बियाणे भरायचे आणि जवळपास महिनाभर गावोगाव फिरायचे. गाव मिरवणुकीने स्वागत करते, मग बसून बोलणे होते. कुणी काय पेरले, कोणते वाण गेले, कोणते परत आणता येईल.

इथे तिकीट नाही आणि प्रेक्षकही नाही. ज्या गावात गाड्या थांबतात ते गावच भागीदार असते, कारण ते जागा देते, वेळ देते आणि आपले अनुभव सांगते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या संस्थेला २०१९ मध्ये मिळाला. पुढे भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरले, सरकारने या धान्यांना 'श्री अन्न' म्हटले आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या पाकिटांवर ज्वारी-नाचणी आली. संस्थेचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश यांचे त्याच वर्षी मार्चमध्ये निधन झाले. बाजारात भाव नव्हता तेव्हा ज्यांनी हे धान्य सांभाळले, त्यांचे नाव त्या पाकिटांवर कुठेही नाही.

महाराष्ट्रातही चांगल्या भागीदारीची उदाहरणे आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार मिळाला. बियाण्यांचे ज्ञान त्यांचे स्वतःचे होते. बाएफ या संस्थेने त्या ज्ञानाला बियाणे बँकेची रचना, नोंदणी आणि प्रशिक्षणाची जोड दिली. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. या दोन्ही ठिकाणी मोठ्या संस्थेने लहान माणसाचे काम आपल्या नावावर केले नाही. त्याच्या कामाला हात दिला.

'शून्य कचरा' म्हणवणाऱ्या प्रदर्शनाने या कचरावेचक बायकांना संध्याकाळी झाडायला बोलावू नये. नियोजनाच्या पहिल्या बैठकीला बोलवावे. कोणती ताटली खरोखर कुजते, कोणत्या 'पर्यावरणपूरक' कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो आणि तो कुणीही विकत घेत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक?

आपले लोक कुठे आहेत?

आता आपल्याकडे वळू. 'सजग जीवनशैली' या नावाने आज जे शिकवले जाते, त्यातले पुष्कळसे आपल्या बिरादऱ्यांचे पिढीजात काम आहे.

पिंजारी जुन्या गादीतला कापूस काढून, पिंजून पुन्हा नवी गादी भरून देतो. एकच कापूस वीस-पंचवीस वर्षे चालतो. फोमची गादी खराब झाली की तिचे काय करायचे, याचे उत्तर आजही कुणाकडे नाही. कल्हईवाला भाता, नवसागर आणि कथील घेऊन दारात यायचा आणि तांब्या-पितळेचे भांडे पुन्हा वापरण्याजोगे करायचा. आज प्रदर्शनात तांब्या-पितळेची भांडी महाग दराने विकली जातात, पण कल्हई करून देणारा माणूस त्या स्टॉलवर नसतो. मग ते पितळेचे पातेले घरी जाऊन शोभेला बसते. बागवान सकाळी बाजारात उतरलेला माल संध्याकाळपर्यंत हलवतो. कोणते फळ आज विकायचे, कोणते उद्या, कोणते अर्ध्या किमतीत काढायचे, हा हिशेब म्हणजे अन्न वाया न जाऊ देण्याचेच शास्त्र आहे. कोकणातले दालदी मच्छीमार पावसाळ्यात माशांच्या विणीचा काळ ओळखून होड्या किनाऱ्याला लावतात. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी सरकारने नियमात आणली, पण पावसाळ्यात समुद्राला विश्रांती देण्याची समज किनाऱ्यावर त्याच्या आधीपासून आहे. आणि भंगारवाले? धारावीपासून मालेगावपर्यंत या धंद्यात मुसलमानांची संख्या किती आहे, हे वेगळे सांगायला नको.

या माणसांना कुणी 'शाश्वत' म्हणत नाही. कल्हईवाला गरीब म्हणून ओळखला जातो, भंगारवाला संशयित म्हणून. तेच काम इंग्रजी नाव घेऊन, क्राफ्ट कागदाच्या पिशवीतून आले की त्याला प्रतिष्ठा मिळते. हा फरक निसर्गाने केलेला नाही, तो जात, वर्ग आणि धर्म यांनी केला आहे. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की मुसलमानांचा मोठा हिस्सा स्वयंरोजगारात आहे आणि बँकेच्या कर्जात त्यांचा वाटा कमी आहे. म्हणजे काम आपल्याकडे आहे, पण त्यामागे उभे राहणारी संस्था नाही. भागीदारीची गरज नेमकी इथे आहे.

मांसाचा प्रश्न

अशा प्रदर्शनांत आपला तरुण अवघडतो तो मांसाच्या मुद्द्यावर. अनेक ठिकाणी 'सजग' म्हणजे शाकाहारी असे न बोलता ठरून गेलेले असते. यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिक बोलायला हवे.

पशुपालनाचा हवामानावर परिणाम होतो, हे खरे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये मांडले की मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे १४.५ टक्के वाटा पशुधनाचा आहे. हा आकडा आपल्या विरोधात रचलेला डाव नाही. तो दूध आणि तुपालाही लागू आहे, हे मात्र प्रदर्शनातल्या तुपाच्या स्टॉलवर कुणी सांगत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातले १५ ते ४९ वयोगटातले सुमारे ८३ टक्के पुरुष आणि ७१ टक्के स्त्रिया कमीअधिक प्रमाणात मांस, मासे किंवा कोंबडी खातात. त्यामुळे मांसाहार हा केवळ मुसलमानांचा विषय करणे आकडेवारीलाच धरून नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसविक्री बंद ठेवायला सांगितली, त्यात पर्यावरणाचा विचार कुठेही नव्हता. लोकांच्या ताटावर हुकूम चालवणे आणि हवामानाची काळजी करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तरच दुसरीवर खरी चर्चा होईल.

आणि त्या चर्चेत आपल्याकडे सांगण्यासारखे आहे. धनगर माळरानावर मेंढ्या चारतो. पीक निघाल्यावर शेतकरी आपल्या रानात त्या बसवून घेतो, कारण लेंडीखत मिळते. त्याबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. जनावर पुढे खाटकाकडे, कुरेशीकडे जाते, कातडे चर्मकाराकडे जाते. चार समाज एका साखळीत गुंफलेले आहेत आणि ही साखळी कारखान्यातल्या मांसासारखी आयात सोयाबीनवर चालत नाही. तिची एक कडी तुटली की काय होते, तेही आपण पाहिले. २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि शेतकऱ्याच्या भाकड जनावराचा गिऱ्हाईक गेला. २०२५ मध्ये गोरक्षकांच्या त्रासाला कंटाळून राज्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी बंद ठेवली, तेव्हा बाजार ओस पडले आणि कुरेशींच्या बाजूने शेतकरी नेतेही बोलू लागले. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. भरडधान्यांसाठी मंडप घालणारे आयोजक धनगर आणि कुरेशी यांना एका मंचावर बसवतील का? शाश्वत अन्नाची खरी परीक्षा तिथे आहे.

पावाची भट्टी

भागीदारीअभावी माणसे कशी भरडली जातात, याचे ताजे उदाहरण मुंबईच्या बेकऱ्यांचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये हवा प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. शहराचा पाव ज्या भट्ट्यांतून निघतो, त्यांतल्या कित्येक मुसलमान आणि इराणी मालकांच्या आहेत.

आदेशामागचे कारण बरोबर आहे. या भट्ट्यांत जुन्या फर्निचरचे, रंग आणि प्लायवूडचे लाकूड जळते. त्याचा धूर सगळ्यांत आधी भट्टीसमोर उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत जातो, आणि तो कामगारही आपलाच असतो. 'आमच्या धंद्यावर घाला' एवढेच म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. पण जुन्या भाड्याच्या गाळ्यात गॅसची पाइपलाइन आणायची, भट्टी पाडून नवा ओव्हन बसवायचा आणि तोवर पाव स्वस्तच ठेवायचा, हे एकट्या बेकरीवाल्याच्या आवाक्यातले नाही. इथे महापालिका, गॅस कंपनी, बँक आणि बेकरी मालकांची संघटना यांनी एकत्र बसायला हवे. शाश्वत अन्नाचा पुकारा करणाऱ्या संस्थांनी आपला एक मंडप या कामाला द्यावा. एका स्टॉलवर विजेच्या ओव्हनमधला महागडा सावरडो ब्रेड विकणे सोपे आहे. गरिबाचा पाव धुराशिवाय भाजला जाईल यासाठी राबणे कठीण आहे, आणि शहराला त्याचीच गरज जास्त आहे.

आधी आपले घर

दुसऱ्यांकडे हिशेब मागताना आपलाही दाखवावा लागतो. वलीम्याच्या दावतीनंतर मांडवामागे पडलेली बिर्याणी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनमध्ये नापसंत आहे, हे मुलांनाही शिकवले जाते, पण हॉलच्या बुकिंगच्या वेळी कुणाला आठवत नाही. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घरांमधून गेले. महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ पासून बंदी आहे. तरीही काही इफ्तारींमध्ये त्या दिसतात आणि रोज शेकडो प्लास्टिकचे ग्लास फेकले जातात. बकरी ईदला कुर्बानीनंतरच्या कचऱ्याची चोख व्यवस्था करणारे मोहल्ले आहेत, आणि सगळे पालिकेवर सोडणारेही आहेत.

इथे सुरुवातीला कुणाच्या परवानगीची किंवा प्रायोजकाची गरज नाही. मशिदीच्या कमिटीने स्टीलची ताटे-ग्लास एकदा विकत घेतले की अनेक रमजान निघतात.

काय करता येईल

आपल्यापैकी पुष्कळ जण अभियंते, लेखापाल, शिक्षक, वकील आहेत. आपल्या चाच्यांना, खालांना जे जड जाते ते आपल्याला सहज जमते. खाद्यपदार्थांच्या विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी करून देणे, स्टॉलचा अर्ज भरणे, खर्चाचा साधा तक्ता मांडणे, सेंद्रिय पिकवणाऱ्या पाच-सात शेतकऱ्यांना पीजीएस या परस्पर तपासणीच्या प्रमाणपत्राची माहिती देणे. त्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची पाहणी करतो, त्यामुळे खासगी प्रमाणपत्राचा मोठा खर्च वाचतो. आपल्या शहरातले कल्हईवाले, पिंजारी, शिवणकाम आणि दुरुस्ती करणारे यांची नाव-नंबर-भागनिहाय यादी, अर्थात त्यांना विचारून, तयार करणे हे दोन रविवारचे काम आहे. ती यादी हातात असेल तर आयोजकाकडे तक्रार घेऊन जावे लागत नाही, प्रस्ताव घेऊन जाता येते.

प्रस्तावात तीन अटी स्पष्ट असाव्यात. पहिली, प्रत्येक प्रायोजकाने किती रक्कम दिली आणि त्याबदल्यात काय मिळाले, हे प्रदर्शनाच्या दारावर लिहिलेले असावे. दुसरी, पिकवणारे, शिजवणारे, दुरुस्त करणारे आणि कचरा उचलणारे यांचे प्रतिनिधी नियोजन समितीत पहिल्या बैठकीपासून असावेत आणि कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचे मत मोजले जावे. तिसरी, काही स्टॉल मोफत राखून ठेवावेत आणि त्यांचा खर्च प्रायोजकाच्या रकमेतून जावा. ज्या कंपनीला या अटी मान्य आहेत तिचा पैसा जरूर घ्यावा. ज्या कंपनीला त्या जाचतात, तिला नेमके काय विकत घ्यायचे होते ते कळून येते.

आयोजक लगेच हो म्हणतील असे नाही. कुणी म्हणेल, भंगारवाल्याचा स्टॉल 'थीम'मध्ये बसत नाही. तेव्हा नम्रपणे विचारावे की मग उरलेला माल, तुटलेली भांडी आणि फाटलेल्या गाद्या तुमच्या थीममध्ये कुठे जातात. आणि पहिल्या वर्षी एकच जागा मिळाली तर ती घ्यावी. एका कोपऱ्यात भाता फुंकणारा कल्हईवाला बसला आणि लोक घरची काळी पडलेली पातेली घेऊन रांगेत उभे राहिले, तर पुढच्या वर्षी त्याचे नाव फलकावर कुठे लिहायचे, हे आयोजकांनाच विचारावे लागेल.